समोरच्यांचं जंगल

ट्युनिशियात, तबर्काच्या हॉटेलातल्या त्या परिषदेला मी दुभाषी म्हणून गेले होते, तेही ठरलेला माणूस ऐनवेळी आजारी पडला म्हणून. सात-आठ देशांचे लोक जमले होते. तीन दिवस एकच बोलणं चाललं होतं. जंगलाला सरहद्द नसते, एका देशातला वणवा दुसऱ्याच्या उंबऱ्याशी येतो, झाडं एकाची तुटतात आणि झरे भलत्याचेच आटतात. सगळं खरं होतं. हेच मी एकतीस वर्षं ऐन लहमर या माझ्या गावच्या शाळेत फळ्यावर लिहीत आले, त्यामुळे माझं अर्धं लक्ष जेवणाच्या घंटेकडे होतं.

शेवटच्या दिवशी पाहुण्यांना जंगलातला खराखुरा माणूस दाखवायचा होता. रेंजर नजीबने मनव्वरला आणून उभं केलं. इस्त्रीचा गणवेश, नवे बूट, आणि हात कुठे ठेवावेत हे न कळल्यामुळे ते पोटावर बांधलेले. एका परदेशी बाईंनी विचारलं, "आपण कोणतं जंगल राखता?"

मी ते त्याला आमच्या भाषेत सांगितलं. मनव्वरने खिडकीतून पश्चिमेकडे, अल्जीरियाच्या डोंगरांकडे बोट केलं.

"त्यांचं," तो म्हणाला.

मी तसंच सांगितलं. हशा पिकला, टाळ्याही पडल्या. या साध्या माणसाने आपल्या तीन दिवसांचं सार सांगितलं, असं काहीतरी कोणी म्हणालं. नजीबचे कान लाल झाले. तो माझा जुना विद्यार्थी, जेवताना माझ्या कानाशी लागला, "बाई, याने नाक कापलं माझं. ट्युनिशियाचा पगार खातो आणि म्हणे त्यांचं राखतो!"

मलाही वाटलं, घाबरून काहीतरी बोलून गेला. मनव्वर सरळ, कोरडं, खरं ते सांगत होता, हे कळायला मला पुढचा उन्हाळा लागला.

मनव्वर बिन ताहिर आमच्या गावच्या वरच्या कड्यावर वणव्याच्या मनोऱ्यात बसायचा. मे ते ऑक्टोबर. मनोरा म्हणजे दगडी चौथऱ्यावर पत्र्याची खोली, चारी बाजूंना काचा, एक वायरलेस, एक दुर्बीण. मोबाइल तिथे लागत नाही. सव्वीस उन्हाळे त्याने त्या खोलीत काढले. बायको सालिहा नऊ वर्षांपूर्वी वारली. मुलगा इटलीत, शुक्रवारी गावातल्या दुकानाच्या फोनवर बोलायचा, तोही मनव्वर खाली उतरला असला तर. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, तो खेचर घेऊन उतरायचा, पाव आणि तेल भरायचा, भाजलेल्या जवाच्या पिठाची पिशवी घ्यायचा आणि परत जायचा. खेचर बांधायला माझं अंगण. रस्त्यावरचं शेवटचं घर माझं, म्हणून. आमची ओळख एवढीच. तो विचारायचा, "बाई, बऱ्या आहात?" मी म्हणायचे, "बरी नसायला काय झालं?" संपलं.

त्या उन्हाळ्यात तो मंगळवारी आला. खेचर नाही, पिशवी नाही.

"मनव्वर, आज मंगळवार आहे."

"माहीत आहे, बाई." तो दारातच उभा. "एक अर्ज लिहून हवाय."

"कोणाला?"

"अल्जीरियाला."

मी चष्मा काढला. "आख्ख्या अल्जीरियाला?"

त्याला हसू आलं नाही. मग मी त्याला आत बसवलं, चहा दिला. सव्वीस वर्षांत तो जेवढा बोलला नसेल तेवढं त्या एका बैठकीत बोलला. थांबत थांबत, पण बोलला.

त्याच्या मनोऱ्यातून सगळं दिसतं, फक्त आपला स्वतःचा पश्चिम उतार दिसत नाही. कडा पुढे आलेला आहे, उतार त्याच्या पोटाखाली जातो. म्हणजे नेमकं आमचं बुचाचं जंगल. आमच्याकडे त्या झाडाला फर्नान म्हणतात. समोर, दरीपलीकडे, पक्षी उडाला तर साडेतीन किलोमीटरवर, अल्जीरियाचा कडा. त्याच्यावर तसाच मनोरा. आणि त्या मनोऱ्यातल्या माणसाचीही तीच गत. त्याला त्याचा पूर्व उतार दिसत नाही, त्या उतारावरचं गावही दिसत नाही. आमचा उतार मात्र त्याच्यासमोर ताटासारखा. त्याचा आमच्यासमोर.

"म्हणजे तू त्यांचं बघतोस."

"आणि तो आपलं. मी तिथे हॉटेलात सांगितलं होतं. तुम्हीच तर भाषांतर केलंत."

माझंच चुकलं होतं. ही गोष्ट माझ्या बाबतीत फारशी घडत नाही.

सुरुवात अशी झाली होती. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका दुपारी, बाराच्या सुमाराला, समोरून डोळ्यांवर तिरीप आली. थांबेना. मनव्वरला वाटलं, चोरटा माल नेणारे असतील. मग तिरीप खाली उताराकडे जायची, परत डोळ्यांवर यायची, परत खाली. वैतागून तो कडा उतरून गेला, तर पायथ्याशी कोळसा पाडणाऱ्यांची भट्टी फुटलेली आणि झुडपं पेटलेली. वेळेत विझली. दुसऱ्या दिवशी त्याने एका मोडक्या ट्रकचा आरसा मिळवला.

तेव्हापासून बावीस वर्षं. एकदा चमकवलं म्हणजे मी आहे. दोनदा म्हणजे सगळं ठीक. थांबेचना तर धूर. सूर्य सकाळी समोरच्याच्या तोंडावर असतो, तेव्हा सकाळी बोलायचं त्याने. दुपारनंतर आमच्या तोंडावर, तेव्हा बोलायचं मनव्वरने. सकाळच्या प्रश्नाला दुपारी उत्तर, आणि दुपारच्याला दुसऱ्या सकाळी. ईदच्या दिवशी नुसताच आरसा हलवत राहायचं, कितीही वेळा.

"नाव काय त्याचं?"

"बूजमा. मध विकायला तिकडून एक माणूस यायचा, सरहद्दीच्या चौकीवरून, रीतसर. त्याने सांगितलं. बायको वारली आहे. मुलगी अन्नाबा शहरात दिलेली."

"आणखी?"

"आणखी काय?" त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "सकाळी एक देतो, मग दोन देतो. बावीस वर्षं. चुकला नाही कधी."

"आणि आता?"

"सात दिवस झाले. काही नाही."

आता हे समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. फर्नानची साल म्हणजे बूच, बाटलीच्या तोंडाला लावतात ते. बारा वर्षांनी एकदा, एक तप पुरं झालं की, जून-जुलैत कुऱ्हाडीने ती सोलून काढतात. झाड जिवंत राहतं, पुन्हा साल धरतं. साल अंगावर असली तर वणवा येऊन जातो, झाड काळं पडतं आणि वसंतात फुटतं. सोललेलं झाड मात्र मरतं. पहिले काही महिने ते उघड्या मांसासारखं लालसर असतं, एक ठिणगी पुरते. आणि त्या वर्षी पाळी आमच्या पश्चिम उताराची होती. सोलणी सुरू होऊन आठवडा झालेला. चार हजार झाडं नागडी होणार होती, आणि त्यांच्याकडे बघणारा एकच माणूस जगात होता, तो दुसऱ्या देशात होता, आणि सात दिवस गप्प होता.

"नजीबला सांगितलंस?"

"काय सांगू? बावीस वर्षं आपला उतार अल्जीरिया राखतोय म्हणून?"

अर्ज मी लिहिला. नजीबकडे तो दुसऱ्या कामाच्या नावाखाली दिला, त्याने वर पाठवला. तिथून राजधानीत जाणार, तिथून त्यांच्या राजधानीत, तिथून खाली. "सप्टेंबरपर्यंत काहीतरी कळेल, बाई," नजीब म्हणाला. सप्टेंबर! परिषदेत याच माणसाने सहकार्यावर बावीस मिनिटं भाषण केलं होतं. मी मोजली होती.

मला असल्या वाट पाहण्याचा तिटकारा आहे. माझ्याकडे पारपत्र होतं. मनव्वरकडे नव्हतं, आणि असतं तरी त्याला ऐन हंगामात जागा सोडता येत नव्हती. शनिवारी पहाटे मी शेअर टॅक्सी धरली, चौकीवर शिक्का मारून घेतला, पलीकडे दुसरी टॅक्सी, मग एका शेतकऱ्याची गाडी. साडेतीन किलोमीटरवरच्या माणसाला भेटायला मला ब्याण्णव किलोमीटर लागले.

बूजमा मनोऱ्याखालच्या दगडी खोलीच्या दारात बसला होता. मनव्वरहून थोडा मोठा, सडपातळ, डोक्याला फेटा. मी समोर येऊन उभी राहिले तरी त्याने मान वर केली नाही. पावलांचा आवाज ऐकून म्हणाला, "कोण?"

"पलीकडून आले. मनव्वरकडून."

तो उठला. भिंतीला हात लावत उठला. आणि त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं. दोन्ही बुबुळांवर दूध सांडल्यासारखं.

"लल्ला, बसा," तो म्हणाला. तिकडे बाईला मानाने लल्ला म्हणतात. "तो बरा आहे?"

"तो बरा आहे. तुम्हाला काय झालंय? किती दिसतं?"

"उजेड दिसतो. माणूस सावलीसारखा दिसतो. डोंगर दिसत नाही."

"कधीपासून?"

त्याने बोटांवर मोजलं. "हा तिसरा उन्हाळा."

माझं डोकं तापलं. लपवून काय करू, मी ओरडलेच. "दोन वर्षं तुम्ही रोज सकाळी 'सगळं ठीक' देत होतात? दिसत नसताना? अहो, आख्खं गाव जगतं त्या उतारावर!"

"झाडांवर साल होती, लल्ला."

"म्हणजे?"

"आग लागली असती तरी झाडं वाचली असती. मी हिशोब केला होता. चुकीचा असेल, पण केला होता. या वर्षी सकाळी कुऱ्हाडींचा आवाज आला. दरीतून चांगला ऐकू येतो. सोलताना कसा येतो, आधी टण् आणि मग फाटल्यासारखा. तेव्हा कळलं, आता नागडी झाली." त्याने गुडघ्यावरची धूळ झटकली. "सालवाल्या झाडांबद्दल खोटं बोललो. नागड्या झाडांबद्दल नाही बोलवलं."

"मग निदान एकदा तरी चमकवायचं. मी आहे म्हणून. तिकडे तो माणूस जेवत नाहीये."

"एक दिलं की तो दुसऱ्याची वाट बघणार. दुसरं कुठून देऊ?"

त्याने आत जाऊन चाचपडत चहा केला, मी करते म्हटलं तर ऐकेना. साखर दोनदा पडली. मी प्यायले.

"साहेबांना का नाही सांगितलंत? मोतीबिंदू आहे, अर्ध्या तासाचं काम."

"सांगितलं की मला खाली नेणार. माझ्या जागी माणूस देत नाहीत आता, मनोरा बंद करतात. मग त्याने आरसा कोणाला दाखवायचा?"

"आणि त्याचा आरसा? तो तुम्हाला दिसतो?"

बूजमा पहिल्यांदा हसला. पुढचे दोन दात नव्हते. "तेवढाच दिसतो, लल्ला. दुपारी इथे बसलो की सगळं पांढरं असतं, आणि त्याच्यात ते टोचतं. सुईसारखं. बाकी काही नाही."

निघताना त्याने निरोप दिला. उद्यापासून सकाळी एक देईन. दुसरं मागू नकोस.

मी परत येऊन मनव्वरला सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. मला वाटलं, चिडेल. तो मनोऱ्याच्या पायरीवर बसून दरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझा दिसत होता ना पण त्याला?"

"तेवढाच दिसत होता."

"हं," तो म्हणाला, आणि आरशाची काच बाहीने पुसायला लागला. ती स्वच्छच होती.

दुसऱ्या सकाळी समोरून एकदा चमकलं. एकदाच. मनव्वरने वहीत रोजच्यासारखी वेळ लिहिली आणि तो नजीबकडे गेला. मीही गेले, कारण त्याला एकट्याला बोलता आलं नसतं असं मला वाटलं. पण तो नीट बोलला. मला उतार दिसत नाही, कधीच दिसत नव्हता, समोरचा बघायचा, आता त्याला दिसत नाही.

नजीब खुर्चीतून उठला. "सव्वीस वर्षं तू दर महिन्याला लिहून देतोयस, चारी दिशा पाहिल्या म्हणून! मग काय बघत होतास तू वर?"

"त्यांचं."

"पुन्हा तेच!" नजीबने टेबलावर हात आपटला. मग आवाज खाली आणला. वाईट पोरगा नाही तो, भित्रा आहे. "ऐक, मनव्वरकाका. ऑक्टोबरला तू निवृत्त होतोयस. भानगड नको. उद्यापासून मनोरा सोड. कड्याखाली तो नाकासारखा दगड आहे, तिथे बस. तिथून आपला उतार दिसतो की नाही?"

"दिसतो. पण समोर मध्ये टेकाड येतं, त्यांचा नुसता माथा दिसतो, उतार दिसत नाही."

"समोरच्यांचं समोरचे बघतील."

"समोर कोणी नाही, साहेब. तिथे एक आंधळा माणूस आहे, आणि उतारावर त्याचं गाव आहे."

"ते त्यांच्या सरकारने बघावं."

"त्यांच्या सरकारला दिसत नाही तिथून," मनव्वर म्हणाला. "मला दिसतं."

मी मध्ये पडले. "नजीब, दुसरा माणूस दे की नाकावर बसायला."

"भरती बंद आहे, बाई. मी कुठून आणू माणूस? हा हुकूम आहे."

मनव्वर हुकूम न मानता वर गेला. त्याला दोन नोटिसा आल्या. दोन्ही मी वाचून दाखवल्या, त्याने त्या वहीत घडी करून ठेवल्या. सव्वीस वर्षांत एक लाल शेरा नव्हता त्याच्या नावावर. जाता जाता लागला.

नाकावर गावाने बसायचं ठरलं. मीच दारोदार फिरले. बूच सगळ्यांचं आहे, सोलणी सगळे करता, मग बघायला काय होतं? पहिल्या आठवड्यात सहा जण आले, मोठ्या उत्साहाने, सोबत बटाटे भाजायला काडेपेटी घेऊन! ती मी काढून घेतली. दुसऱ्या आठवड्यात दोघे. एकाच्या मेहुणीचं लग्न निघालं, दुसऱ्याची पाठ धरली. तिसऱ्या आठवड्यापासून मी.

बहात्तर वर्षांची बाई छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन दगडावर बसते, याचं गावाला दोन दिवस हसू आलं, मग तेही संपलं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत माझे तिथे पाच आठवडे झाले. आयुष्यभर मी वर्गात, बैठकीत, लग्नात बोलत आले. तिथे बोलायला कोणी नव्हतं. खाली उतारावर लालसर झाडं, दिवसागणिक रंग गडद होत चाललेली, ताज्या तुटलेल्या सालीचा ओला आंबट वास, आणि वारा. पहिल्या दिवशी मी पुस्तक नेलं होतं. वाचताना डोळे उतारावरून हटतात म्हणून ते बंद केलं. चौथ्या दिवशी मी झाडांशी मोठ्याने बोलत होते, आणि सातव्या दिवशी तेही थांबलं. दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या डोक्यावरून, कड्यावरच्या मनोऱ्यातून, आरशाची तिरीप दरीपलीकडे जायची. ती मला दिसायची नाही, समोरच्या कड्यावर पडली की दगड क्षणभर उजळायचा. तेवढ्यासाठी मी घड्याळ बघायला लागले. मग मला समजलं, बावीस वर्षं तो माणूस वर काय खाऊन जगला. जवाचं पीठ नव्हे.

ऑगस्टच्या विसाव्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला. वाळवंटाकडून येतो तो, तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा. अशा दिवशी चूलसुद्धा पेटवत नाहीत आमच्याकडे. दोनच्या आसपास समोरचा दगड उजळला. मी म्हटलं, आज लवकर कसा? तो उजळला, विझला, उजळला. थांबेना.

मला माझा उतार दिसत होता, तिथे काही नव्हतं. म्हणजे आग त्यांच्याकडे होती. मला काही करता येण्यासारखं नव्हतं. मी दगडावर उभी राहून ती तिरीप मोजत राहिले, मूर्खासारखी, शंभर झाल्यावर मोजणं सोडलं. वर मनव्वर आरसा खालीवर करत होता आणि पलीकडे एक माणूस पांढऱ्या धुक्यात बसला होता ज्याला ही सुई टोचेल की नाही, हे त्या दिवशी तो दारात बसला होता की आत निजला होता, एवढ्यावर होतं.

तो दारात बसला होता. हे नंतर कळलं. तिरीप थांबेना तसा तो भिंत धरून वायरलेसपाशी गेला आणि ओरडला, "माझ्याखाली आग आहे." त्यांनी विचारलं, कुठे, कोणत्या बाजूला, धूर कोणत्या रंगाचा. तो म्हणाला, "मला दिसत नाही. समोरच्याला दिसतंय. पूर्वेकडे जा." लोक गेले. गावापासून पाचशे पावलांवर आग होती. संध्याकाळी ती विझली. सहा घरांच्या वाड्या गेल्या, माणूस कोणी गेला नाही. आमच्याकडून आगीची रीतसर खबर, शिक्क्यासकट, पाचव्या दिवशी पलीकडे पोचली म्हणे.

हे सगळं आम्हाला मध विकणाऱ्याने सांगितलं, दोन आठवड्यांनी. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. मला दिसत नाही, हे बूजमा वायरलेसवर सगळ्यांच्या कानांवर बोलून बसला होता. दुसऱ्याच दिवशी साहेब आले, त्याला खाली नेलं. मुलगी येऊन अन्नाबाला घेऊन गेली, डोळ्यांच्या कापाकापीसाठी. मनोऱ्याला कुलूप.

मनव्वरला ते सांगायची गरजच नव्हती. एकवीस तारखेपासून सकाळी काही चमकलं नव्हतं, आणि त्याने काय ते ओळखलं होतं.

"तूच हाक मारलीस म्हणून त्याचं गाव वाचलं," मी म्हटलं. कोणाची समजूत काढणं मला जमत नाही, पण प्रयत्न केला.

"हो," तो म्हणाला. "आणि म्हणून तो गेला."

ऑक्टोबरपर्यंत तो दुपारी आरसा दाखवत राहिला. मी विचारलं, आता कोणासाठी? तो म्हणाला, सवय आहे. मी नाकावर बसत राहिले. माझ्यापाशी तेवढंही कारण नव्हतं, पण झाडं नागडी होती. आमच्या उतारावर त्या वर्षी काही झालं नाही. लिहायला हे एक वाक्य लागतं.

हंगाम संपला. मनव्वरला निरोपाची सभा झाली नाही, नोटिसांमुळे. मनोऱ्याच्या जागी आता खांबावर कॅमेरा बसणार होता, चारी दिशांना फिरणारा. मी नजीबला विचारलं, "खांबाच्या पायाखालचं त्याला कसं दिसणार?" तो म्हणाला, "बाई, तुम्ही पण ना!"

मग मनव्वरने मला आणखी एक अर्ज भरायला लावला. पारपत्राचा. फोटोत तो असा दिसत होता जणू कोणी बंदूक रोखली आहे. परदेशी जाण्याचं कारण या रकान्यात काय लिहू, मी विचारलं. तो विचार करून म्हणाला, "बघणं."

नोव्हेंबरच्या एका सोमवारी तो निघाला. "अन्नाबाला जातोस ना? पत्ता नीट ठेव," मी म्हटलं.

"अन्नाबाला नंतर. आधी त्याच्या कड्यावर जातो. मधवाला गाडीने सोडतोय, रात्री त्याच्याकडेच, बूजमाचा आरसाही त्याच्यापाशी आहे. उद्या सकाळी वर, आणि अकराला गाडी परत." त्याने मनोऱ्याची किल्ली माझ्या हातात दिली. ती परत करायची होती, त्याने केली नव्हती. "उद्या सकाळी वर जाऊन बसाल? समोर बघा."

"कशासाठी?"

"तिथून आपला उतार कसा दिसतो, मी कधी बघितलेला नाही, बाई. सव्वीस वर्षं राहिलो त्याच्या डोक्यावर."

दुसऱ्या दिवशी मी चढून गेले. दोनदा थांबले, गुडघ्यांमुळे. खोलीत त्याचं स्टूल होतं, पिठाचा रिकामा डबा, आणि खिळ्याला ट्रकचा आरसा. वही तो घेऊन गेला होता. पत्रा थंड होता. समोर अल्जीरियाचा कडा, त्यांच्या जळलेल्या उताराचा काळा पट्टा, आणि त्याच्याखाली घरं. शाबूत. तो सव्वीस वर्षं काय बघत होता, ते मी पहिल्यांदा बघत होते.

सूर्य वर आला. आठ वाजले, साडेआठ वाजले. मी चिडायला लागले होते, नेहमीप्रमाणे. नऊला पाच कमी असताना समोरून चमकलं.

एकदा.

मी उठून उभी राहिले. मग बराच वेळ काही नाही. तो बघत असणार. वरपासून खालपर्यंत, ओळीने, एकेक झाड, जसा तो सगळं करायचा तसा. चार हजार नागडे बुंधे, आता तपकिरी पडलेले. घाई करणारा माणूस नव्हे तो.

मग दोनदा चमकलं.

मी आरसा खिळ्यावरून काढला, आणि हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं. सूर्य माझ्या पाठीशी होता. इथून उत्तर दुपारीच देता येतं. अकराला त्याची गाडी निघणार होती.

मी स्टूल काचेशी ओढलं, आरसा मांडीवर ठेवला, आणि दुपार व्हायची वाट बघत बसले.